अण्णा मास्तरांच्या बोटी

आमच्या शेजारचे अण्णा मास्तर पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याच्या हातातली वस्तू बघत आणि विचारत, "ही कुठच्या बोटीनं आली?"

छत्री असो, काड्यापेटी असो, नाहीतर परसातून नेलेले चार पेरू असोत. पेरू आमच्याच झाडाचे आहेत असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते हसले. "झाड तुमचं हो. पण झाडाची खापरपणजी कुठची? फिरंग्यांच्या गलबतातून गोव्याला उतरली ती."

मी रत्नागिरीला बंदरावरच्या कचेरीत कारकून होतो. किती गलबतं आली, किती गेली, आगबोटीतून मालाचे किती डाग उतरले आणि किती उतारू चढले, एवढं लिहायचं माझं काम. चुकीचा आकडा मला खपत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो की अण्णांबद्दल लिहायला मी फारसा लायक माणूस नाही. भर पंगतीत मी त्यांना एक प्रश्न विचारला आणि त्यानंतर सतरा दिवस ते आमच्या पायरीवर आले नाहीत. ते सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं ठरेल. पण अण्णा कसे होते हे आधी कळायला हवं, म्हणजे मी काय केलं तेही कळेल.

अण्णा मराठी शाळेत तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून घरी बसले होते. पत्नी वारलेली. स्वैपाक स्वतः करत. अंगानं उंच आणि मानेत थोडे वाकलेले, त्यामुळे ते नेहमी काहीतरी शोधताहेत असं वाटे. जगाचा इतिहास राजांनी घडवला नाही, बोटींनी घडवला, असं त्यांचं मत होतं आणि ते मत ऐकल्याशिवाय त्यांच्या ओटीवरून कोणाची सुटका नसे.

"लढाया कोणाला आठवतात, नाना? बटाटा रोज आठवतो. फिरंगी आला कशाला? आपल्या वेलावरच्या मिरीसाठी. मिरी घेऊन गेला आणि मिरची ठेवून गेला. मग सांगा, फसलं कोण?"



इंग्रजाबद्दल ते एवढंच म्हणत, "याचं काम निराळं. कापूस इथनं उघडा जातो आणि तिकडच्या गिरणीतून घडी घालून परत येतो. घडी घातल्याचे पैसे आपण देतो."

एकदा एकादशीला आमच्या हिनं त्यांना फराळाला बोलावलं. साबुदाण्याची खिचडी होती. अण्णांनी बशी डोळ्यांजवळ नेली. "वहिनी, यात तूप आणि मीठ तेवढं आपलं. साबुदाणा मलायातला. शेंगदाणा, बटाटा, मिरची, तिघंही अमेरिकेतली. हा उपास नव्हे, हे बंदर आहे."

"मग खाणार की उचलू?" हिनं विचारलं.

"छे छे, उचलता कशाला! आलेल्याला परत पाठवायचं नसतं," असं म्हणून त्यांनी खिचडी खाल्ली आणि दोनदा मागून घेतली. ते गेल्यावर ही म्हणाली, "विचारतात सोयरिकीसारखं आणि जेवतात घरच्यासारखं."

त्यांच्या परसात आणखी एक गंमत होती. रॉकेलचे डबे कापून त्यांनी पत्र्याच्या पाट्या केल्या होत्या आणि शाळेच्या फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरांत त्या रंगवून झाडांना बांधल्या होत्या. "काजू. वास्तव्य तीनचारशे वर्षे. वर्तणूक उत्तम." "पपई. प्रकृती नाजूक, पण उत्साही." "अननस. उशिरा रुळला." आंबा, फणस, रातांबा यांना पाटी नव्हती. कारण विचारलं तर म्हणाले, "ती घरचीच. त्यांची हजेरी कशाला घ्यायची?" गावातले लोक पाट्या वाचायला येत आणि बाहेर पडून हसत. मीही हसत असे. ते खोटं कशाला सांगू?

संध्याकाळी मी कचेरीतून आलो की अण्णा आमच्या पायरीवर बसलेले असत. "नाना, आज काय उतरलं?" मग मी सांगायचो. रॉकेलचे डबे इतके, साखरेची पोती इतकी, कापडाचे गठ्ठे इतके. ते शेवटपर्यंत ऐकून घेत.

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"बरं," म्हणून धोतर झटकून ते उठत. पावसाळ्यात तीन महिने आगबोट बंद राही. तेव्हा ते आमच्याकडे फिरकत नसत. गुडघे दुखतात असं सांगत.

अण्णांना एकच मुलगा. त्याला सगळे बाळ म्हणत. मी शेजारी राहायला आलो त्यानंतर दोन वर्षांनी तो आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीवर गेला. साहेबानं तिकडे रूळ टाकले होते आणि तिकिटं फाडायला, तारा करायला इकडची पोरं लागत होती. बापाचा शब्द मोडून गेला, असं आळीत बोललं गेलं. पुढे सात वर्षं कोणी काही बोललं नाही.

आता त्या पंगतीची गोष्ट.

आमच्या लेकीला, मथूला, सांगून आलेलं स्थळ पुण्याचं होतं. मुलाचे वडील भाऊसाहेब आणि त्यांचे दोघे भाऊ वैशाखात बोलणी करायला आले. खादीचा जोर होता तेव्हा. भाऊसाहेब नखशिखांत खादीत होते आणि बोटीत मिळालेला चहासुद्धा त्यांनी परत केला होता. घरात मीठमिरचीपासून सगळं स्वदेशी, असं त्यांनी ओटीवर बसल्याबसल्या दोनदा सांगितलं. मिरचीचं नाव निघालं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, कारण शेजारचे वडीलधारे म्हणून अण्णांना मी जेवायला बोलावलं होतं.

पानं वाढली. आमरस, बटाट्याची भाजी, ओल्या काजूची उसळ, डाव्या बाजूला मिरचीचं लोणचं. भाऊसाहेबांनी रसाची वाटी तोंडाला लावली आणि म्हणाले, "वा! खरा स्वदेशी मेवा तो हाच. परदेशात असला हापूस होणे नाही."

"नाव मात्र तिकडचं," अण्णा म्हणाले.

"कुणाचं?"

"हापूसचं. फिरंगी सरदाराच्या नावावरून पडलंय म्हणतात. आंबा आपला. पण कलम बांधायची ही रीत फिरंगी पाद्र्यांनी गोव्यात आणली. नाहीतर तुम्ही आज रायवळच चोखत बसला असता."

भाऊसाहेबांनी वाटी खाली ठेवली. अण्णांना वाटलं, विद्यार्थ्याला गोडी लागली. मग ते पानावर बोट फिरवत निघाले. बटाटा. काजू. लोणच्यातली मिरची. भाऊसाहेबांच्या धाकट्या भावाचा घास प्रत्येक नावाला हातातच थांबत होता. अखेर त्यांच्या पानावर भात, वरण, तूप आणि लिंबू एवढंच निर्दोष उरलं. दाराआडून मथूच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही वाजेनाशा झाल्या.

"म्हणजे आम्ही यांच्याकडे येऊन बाटलो म्हणायचं," भाऊसाहेब म्हणाले. ते हसत नव्हते.

मथूला एकोणिसावं लागलं होतं आणि आधीची चार स्थळं मोडली होती. काहीतरी करून पंगत हसवायला हवी होती. मी म्हणालो, "अण्णा, मिरची कुठच्या बोटीनं आली ते तुम्हाला ठाऊक, काजू कुठच्या बोटीनं आला तेही ठाऊक. तुमचा बाळ कुठच्या बोटीनं गेला तेही सांगून टाका की. आणि परतीची बोट कधीची?"

आमच्या आळीतले तिघं होते पंगतीला. ते हसले. भाऊसाहेबांना अर्थ कळला नाही. त्यांनी विचारलं, "बाळ म्हणजे? हेही फळच का?"

मग तर पंगत खदखदली. भाऊसाहेबही हसले आणि त्यांनी आमरसाची वाटी पुन्हा उचलली. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

अण्णा हसले नाहीत. पंगत उठेपर्यंत एकट्यानं उठायचं नाही, अशी आपली रीत. अण्णांनी ती मोडली नाही. ते मान खाली घालून बसून राहिले. हाताला लागलेला रस सुकत होता. मी आग्रहावर आग्रह करत होतो, त्यामुळे पंगत लांबली. शेवटी भाऊसाहेब ताक पिऊन उठले, तेव्हा अण्णा उठले, हात धुतला, हिला "सुखी राहा" म्हणाले आणि कुंपणातल्या वाटेनं घरी गेले.

लग्न त्याच संध्याकाळी ठरलं. पाहुणे परत निघताना भाऊसाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचे ते मास्तर विक्षिप्त हो. पण तुम्ही बरोबर जागेवर बसवलंत." मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी पायरीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही नव्हतं. अण्णा परसात दिसत, पण कुंपणाकडे पाठ करून. हंगामातल्या शेवटच्या बोटी येत होत्या. काय उतरलं त्याचे आकडे डोक्यात घेऊन मी घरी यायचो आणि ते तसेच डोक्यात राहायचे. ही माझ्याशी कामापुरतं बोलत होती. आठव्या दिवशी म्हणाली, "लग्न जमलं ना? आता जा आणि तोंड दाखवा त्यांना." मी गेलो नाही. तोंड कुठलं दाखवायचं हेच कळत नव्हतं.

मग एक दिवस कचेरीत मी जुनी नोंदवही काढली. बाळ गेला ते साल आणि महिना मला आठवत होता, तारीख अंदाजानं शोधली. नोंद माझ्याच हातची होती. समुद्र खवळलेला. डाग इतके. चढलेले उतारू एकेचाळीस. अक्षर सुबक होतं. त्या एकेचाळिसातला एक शेजारचा आहे, हे लिहिताना माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि सात वर्षं रोज संध्याकाळी अण्णा "काय उतरलं" असं विचारत होते, "कोण उतरलं" असं एकदाही विचारत नव्हते, हे मला आता कळलं. आकड्यांचा माणूस म्हणवतो मी स्वतःला.

अठराव्या दिवशी रविवार होता. सकाळीच गेलो. अण्णा अननसाला पाणी घालत होते.

"अण्णा, माझं चुकलं."

त्यांनी तांब्या रिकामा होऊ दिला. मग म्हणाले, "प्रश्न बरोबर होता, नाना. उत्तर मला त्या वेळी आलं नाही, एवढंच."

मी उभाच राहिलो. ते पेरूच्या सावलीत गेले आणि मास्तर उत्तर सांगतात तसं सांगू लागले.

"शुक्रवार होता. बोट लांब उभी होती. छोट्या पडावातून न्यावं लागलं सगळ्यांना. मी बंदरावर आलो नव्हतो. इथे उभा होतो. इथून धूर दिसतो. मुंबईपर्यंतची बोट कळली. पुढची, मोंबासाची, तिचं नाव नाही कळलं. पत्र टाकू नकोस, असं मीच बजावलं होतं. पोरगं माझं ऐकत नसे कधी. नेमकं तेवढं ऐकलं."

"त्या दिवशी एकेचाळीस उतारू होते," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे मोजलात तुम्ही त्याला?"

"हो."

"बरं झालं. मला वाटलं, त्या दिवशी त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नसेल."

त्यांनी अननसाची कलती पाटी सरळ केली. "पहिली एकदोन वर्षं वाईट जातात परक्या मातीत. मग धरतात. सगळी धरली की नाही बघा. शिकवायला सोपं असतं हे, एक एक झाड दाखवून."

मी म्हणालो, "अण्णा, मी लिहू का त्याला?"

"लिहा की. तुम्हाला कोणी अडवलंय? माझा त्याच्याशी पत्रव्यवहार नाही." मी घरी जाऊन दौत, टाक आणि कागद घेऊन आलो, तोवर ते ओटीवर सतरंजी पसरून बसले होते. "माझ्याविषयी काही लिहायचं नाही. विहिरीला पाणी आहे, एवढं लिहा. पेरूला यंदा फळ कमी. गुडघ्यांचं लिहू नका. बरे आहेत असंही लिहू नका, तो ओळखेल. आणि तिकडे जेवणाचे हाल होतात का, ते विचारा. तुम्ही विचारा हो, मी नाही."

"पत्ता?"

"रेल्वे, मोंबासा. एवढंच ठाऊक आहे. रेल्वेवाले शोधतील की."

मी पाकीट घेतलं आणि टाक बुडवला. वर काय लिहायचं? बाळ असं लिहून त्या मुलुखात कोणाला कळणार! दोन वर्षं तो कुंपणापलीकडे वावरताना मी पाहिला होता, माझ्या विहिरीत तो पोहला होता, मथूला आंबे उतरवून द्यायचा. त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

टाकाची शाई वाळली. पुन्हा बुडवला. शेवटी मान वर न करता विचारलं, "अण्णा, त्याचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. मग त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं, मी विचारलं नसताना.