जनावराचा प्रकार

दिनांक १४ जुलै १९९३ रोजी सकाळी नऊ वाजता, मंठ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात, तुरीत खुरपताना पायाला काहीतरी चावलेला एक इसम टेम्पोतून दाखल झाला. दवाखान्याचे नाव सांगत नाही, तो रागावतो.

खिडकीत बद्रीनाथ कारकून होते. समोर त्या इसमाची बायको, गोजरबाई.

"पेशंटचं नाव?"

"मी कशी घेऊ त्यांचं नाव? सगुणीचे बाप लिहा. जनावर चावलं, सायब. जल्दी सुई द्या."

आमच्याकडे चावणाऱ्याचे नाव घेत नाहीत. घेतले की ते माग काढत येते. म्हणून जनावर म्हणायचे. बद्रीनाथ शेजारच्याच गावचे, त्यांना हे पक्के ठाऊक. पण माणसाला ठाऊक असणे वेगळे आणि खुर्चीला ठाऊक असणे वेगळे.

"जनावर म्हणजे? गाय, म्हैस, बैल?"

"तसलं न्हाई. लांबडं."

त्यांनी लिहिले : जनावर, लांब.

"मालक कोण?"

"त्याला कुठला मालक? बिळातून आल्तं."

पत्ता : बीळ.

एव्हाना पाय पोटरीपर्यंत सुजला होता, डोळे मिटू लागले होते. बद्रीनाथांनी नियम वाचून दाखवला. जनावरांची प्रकरणे गुरांच्या दवाखान्याकडे वर्ग करावीत. लस मागच्या कपाटात होती, डॉक्टर तयार बसले होते, पण योग्य शब्द लिहिल्याशिवाय कपाट उघडत नसे.

"दोन्ही नावं स्पष्ट सांगा, बाई. सुई लगेच."

गोजरबाईने जन्मात दोनच नावे तोंडातून काढली नव्हती. एक नवऱ्याचे आणि दुसरे हे. तिने नवऱ्याकडे पाहिले, डोळे मिटले.

"कचरू," ती म्हणाली. "साप."

"आता कसं बराबर," म्हणत बद्रीनाथांनी शिक्का मारला. शिपाई संपत किल्ली घेऊन आत गेला आणि तसाच उलटा पळत आला.

"सायब, कपाटाखाली जनावर!"

बद्रीनाथ टेबलावर उभे होते. गाय की म्हैस, हे त्यांनी विचारले नाही. मालकाचीही चौकशी केली नाही.

गोजरबाईने संपतच्या हातातली किल्ली घेतली, झाडूचा दांडा आपटत आत गेली आणि बाटली आणून डॉक्टरांना दिली. कचरूने दुपारी चहा मागितला.

"बाई, ते गेलं का?" बद्रीनाथांनी वरूनच विचारले.

"कोण, सायब? नाव सांगा. मंग सांगते."

बद्रीनाथांनी सांगितले नाही. ते अजून उतरले नसावेत.

तुम्ही हसलात, ठीक आहे. आज लाइट गेल्यावर खाटेखाली चपला चाचपाल, तेव्हा ते नाव एकदा मोठ्याने घेऊन दाखवा.