टाकळकर सरांची लायब्ररी

टाकळकर सर चहा एका कपातून पीत नसत. चार कप मांडायचे, प्रत्येकात थोडा थोडा ओतायचे आणि म्हणायचे, "वाटून दिलं की लवकर निवतं." मग चारही कप स्वतःच प्यायचे.

ते कॉलेजात गणित शिकवत आणि बीड बायपासजवळच्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत. त्यांनी एक 'लायब्ररी' लिहिली होती. पुस्तकांची नव्हे. जोशीकाकू दिवाळी अंक मागायला गेल्या आणि तासभर व्याख्यान ऐकून रिकाम्या हातानं परतल्या. मॅट्रिक्सचं अवाढव्य गणित तुकडे करून अनेक संगणकांना वाटून देणारे तयार प्रोग्रॅम, अशी ती लायब्ररी. भंगारात निघालेले संगणक वायरींनी जोडून सर ती दिवाणखान्यात चालवत. पाहुण्यांना बसायला जागा नव्हती. पण पाहुणेच येत नसल्यामुळे अडत नव्हतं.

"यातल्या प्रत्येकाची मेमरी वेगळी," ते सांगायचे. "एकाला ठाऊक ते दुसऱ्याला नाही. निरोप धाडावा लागतो."

"म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच," मी म्हणायचो.

"छे! इथं निरोप पोचतो."

दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीचा बोअर आमच्यापेक्षा खोल जात होता. एका सकाळी आमचा आटला. मीटिंगमध्ये सर उठले. "जमिनीखालचं पाणी म्हणजे शेवटी समीकरणंच. सोडवतो."

मग संगणक घरघरू लागले. वीज गेली की गणित पुन्हा पहिल्यापासून. अखेर एकदाची सरांनी जागा दाखवली, ती नेमकी चेअरमन शेखभाईंच्या गाडीखाली. गाडी हलवली, बोअरचं मशीन आलं. दिवसभर धुरळा उडाला, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायचे झाले, आणि धुवायला थेंबही निघाला नाही.

"सर, ये क्या हुआ?" शेखभाई धुरळ्यातून ओरडले. "लई खात्री होती ना तुमची?"

"उत्तर बरोबर आहे," सर म्हणाले. "जमीन चुकलीय."

सोसायटीला हसायला एवढं पुरलं. कुणाची भाजी खारट झाली तरी 'जमीन चुकलीय'. एका संध्याकाळी मीही त्यांना तोंडावर चिडवायला वर गेलो.

दार उघडं होतं. संगणक बंद करून भिंतीशी रचलेले. खोलीभर बादल्या, पातेली, कुकर, डबे, सगळं काठोकाठ भरलेलं. लिफ्ट बंद होती. टँकरचं पाणी सरांनी जिन्यानं वाहून आणलं होतं. ओल्या शर्टानं ते फोनवर बोलत होते.

"नळाला आलं का?" स्पीकरवर लावलेल्या फोनमधून वहिनींचा, सरांच्या बायकोचा, आवाज. वहिनी भाचीच्या बाळंतपणाला कन्नडला गेल्यात, असं सर आम्हाला सांगत.

"घरात आलंय."

"म्हणजे सुटलं म्हणा तुमचं गणित."

"सुटलं. तू म्हणाली होतीस ना, पाणी आलं की येईन."



"पुरेल का दोघांना?"

"लई आहे."

"बरं. उद्या सकाळच्या एसटीनं येते."

सरांनी फोन ठेवला, वळले आणि मला बघून ओशाळले. तेवढ्यात खाली दुसऱ्या टँकरचा हॉर्न वाजला. ते घाईघाईनं रिकामी बादली शोधू लागले. घरात एकही नव्हती.

मी खाली जाऊन आमच्या दोन घेऊन आलो.