निधनवार्तेतला इंजिनिअर

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या बायकोचे मामा, हाज शाकिर, अलेक्झांड्रियात मुहर्रम बे भागातल्या राहत्या घरी वारले. वय ब्याऐंशी. कारणही तेच. दुपारच्या नमाजानंतर दफन झालं आणि तीन वाजता सगळं खानदान माझ्याकडे वळलं.

"निधनवार्ता हेच लिहितील," माझी बायको सुहैर म्हणाली. "बावीस वर्षं दुसरं काय केलंय!"

खरं आहे. इथल्या एका दैनिकात निधनाचं पान मी सांभाळतो.

"वीस मिनिटांचं काम!" मी जाहीर केलं. "एक चूक काढून दाखवा."

आमच्याकडे निधनवार्तेत मेलेल्या माणसाला एक ओळ मिळते. बाकी तीस ओळी जिवंतांच्या. अमक्या डॉक्टरांचे वडील, तमक्या न्यायाधीशांचे व्याही, ढमक्या खात्याच्या महासंचालकांचे आतेभाऊ! लोक सकाळी फूलची, म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या उसळीची वाटी पुढ्यात घेऊन आधी हेच पान उघडतात. कोण गेलं ते पाहायला नव्हे, मागे राहिलेले कुठवर पोचले ते पाहायला.

मी ठरवलं, घरच्या वार्तेत तरी पुराव्याशिवाय काही छापायचं नाही. पदवी खरी असेल तरच उपाधी. अकरा डॉक्टरांचे तीन उरले. सात इंजिनिअरांपैकी एकही उरला नाही. बुधवारी वार्ता आली, नऊ ओळींची. माझ्या आयुष्यातली सर्वांत अचूक!

साडेसातला फोन वाजला. मामांचा थोरला मुलगा, रिफअत. तो एसी दुरुस्त करतो, आणि उत्तम करतो. तीस वर्षं अख्खी गल्ली त्याला इंजिनिअर म्हणते, कारण इथे हातात पाना धरला की माणूस इंजिनिअर होतो.

"दाजी, माझा बाप एकदाच मेला हो! आणि तुम्ही नुसतं 'रिफअत' छापलंत? असं उघडंबोडकं?"

"पदवीचा कागद दाखव, लगेच दुरुस्ती छापतो."

"कागद? शाहिनाजच्या सासरच्यांनी नाही मागितला, तो तुम्ही मागताय!"

मुद्दा इथे होता. शाहिनाज ही रिफअतची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, मामांचा चाळिसावा दिवस झाला की बोलणी पक्की व्हायची होती. मुलाचे वडील अब्दुल-बारी बंदरावरच्या गोदामाचे निवृत्त व्यवस्थापक. त्यांनीही सकाळी पान वाचलं होतं आणि रिफअतला विचारलं होतं, "कालपर्यंत इंजिनिअर होता, आज नुसते रिफअत? मधल्या रात्रीत झालं तरी काय?"

दुपारी सुहैर माझ्यासमोर उभी राहिली.

"एका शब्दापायी पोरीचं लग्न मोडणार तुम्ही?"

"तो शब्द खोटा आहे."

"असं? मग काल दुखवट्याच्या मांडवात चार जणांनी तुमचा हात हातात घेऊन 'संपादकसाहेब' म्हटलं. तुम्ही तोंड उघडलंत?"

मी संपादक नाही. मी तोंड उघडलं नव्हतं.

त्यावर उपाय एकच होता. सांत्वनाला आलेल्यांचे आभार मानणारी जाहिरात आमच्याकडे छापतातच, तिच्यात सगळ्यांच्या उपाध्या परत करायच्या. ही बातमी शुक्रवारी दुपारपर्यंत खानदानभर पसरली आणि माझा फोन तापला! औषधाच्या दुकानात पुड्या बांधणारे मावसमेहुणे प्राध्यापक डॉक्टर झाले. सुहैरचा चुलतभाऊ ओरडला, "मला निवृत्त कर्नल करा!"

"अरे, तू हवालदार होतास!"

"नोकरी टिकली असती तर झालोच असतो ना!"

शनिवारी आभार छापून आले, अडतीस ओळी. सर्वांत वर 'सल्लागार इंजिनिअर रिफअत शाकिर'. 'सल्लागार' मी पदरचं घातलं. म्हटलं, पोराचा अपमान झालाय, भरपाई करू.

अकरा वाजता अब्दुल-बारी स्वतः रिफअतच्या दारात हजर! काखेत हातभर लांब गुंडाळी.

"व्याही! एवढे मोठे सल्लागार तुम्ही, आणि आम्हाला पत्ता नाही? लाजता काय! चार मजल्यांवर पाचवा चढवतोय, मुलासाठी आणि तुमच्या शाहिनाजसाठी. नकाशावर सल्लागार इंजिनिअरची सही लागते. घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला जायचं?"

रिफअतने दुखवट्यातली बिनसाखरेची कॉफी दिली आणि गुंडाळी ठेवून घेतली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

आज रविवार. सव्वाबाराला तो कचेरीत आला, माझा चहा बाजूला सारला आणि नकाशा टेबलभर पसरला.

"दाजी, छापलंत तुम्ही. सही तुम्ही करा."

"मला काय कळतं यातलं? मी निधनाच्या पानाचा माणूस!"

"म्हणून तर! मजला कोसळला तर पुढचंही तुमच्याच हातात."

"लेका, सरळ सांगून टाक ना त्यांना."

"काय सांगू? की पेपरात खोटं छापून येतं? कोण विश्वास ठेवील!"

तो दारापर्यंत गेला, तिथून परत आला, आणि पाचव्या मजल्याच्या खिडकीवर बोट ठेवून हळूच म्हणाला, "एसीची जागा मात्र चुकलीय."

बातमी लिहीपर्यंत हाती आलेली माहिती अशी: अब्दुल-बारींचे तीन फोन येऊन गेलेत. शाहिनाजने पाचव्या मजल्यासाठी पडद्यांचं कापड पसंत केलंय. काँक्रीटचा मिक्सर बुधवारी सकाळी सातला येणार आहे. सहीची चौकट अजून कोरी आहे.