माळ्यावरची नवीकोरी जुनी गिटार

भाऊंनी खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. चहा पिता पिता ते होऊन गेलं.

भाऊ विमा कंपनीच्या दाव्यांच्या खात्यात हेडक्लार्क होते. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची गाडी ठोकली, की ती माणसं नुकसानभरपाई मागायला या खात्यात येत. त्यातलं खरं किती आणि रचलेलं किती, हे शोधून काढणं हे खात्याचं काम. भाऊंची त्यात हयात गेली होती. गाडीवरचा ओरखडा बघून तो भिंतीने पाडलाय की मालकाच्या मेहुण्याने, हे ते बसल्या जागी सांगत. (मेहुणा असला की ओरखडा जरा सुबक असतो.)

तर त्या दिवशी खात्यातली नवी असिस्टंट टेबलाटेबलापाशी जाऊन विचारत होती, की सर्व्हेअरसाहेबांच्या निरोपसमारंभात कोण गाणार आणि कोण काय वाजवणार. तिने शिपायालासुद्धा विचारलं. त्याने तोंडाने ट्रम्पेट वाजवायचं कबूल केलं. मग ती भाऊंच्या टेबलाशी आली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही खुर्च्यांचं बघाल ना?"

"कॉलेजात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो," भाऊ म्हणाले.

"काय सांगता! कुठली?"

भाऊंना जगातली एकच इलेक्ट्रिक गिटार माहीत होती. ज्या मित्राच्या खोलीवर ते अभ्यासाला जात, त्याच्या भिंतीवर तिचं चित्र होतं. दोन शिंगांची, मध्ये मधासारखी पिवळी आणि कडेला काळी होत गेलेली. अभ्यास त्या चित्राचाच जास्त झाला होता. भाऊंनी डोळे मिटून तिचं वर्णन केलं.

"बाप रे, ती तर क्लासिक आहे काका! अजून आहे तुमच्याकडे?"

इथे 'विकली' एवढं म्हणाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

"आहे की. माळ्यावर. तीस वर्षांची सोबत, टाकवत नाही."

पलीकडे सर्व्हेअरसाहेबांनी फाइलीतून मान वर काढली. हा माणूस जळालेल्या गोदामातली राख बोटांत चोळून आग लागली की लावली, ते सांगायचा. "आणा मग कार्यक्रमाला," ते म्हणाले. "बघू."

साहेबांचं 'बघू' कसं असतं ते भाऊ जाणून होते. साऱ्या खात्यादेखत तोंडघशी पडायची वेळ होती. आजवर त्यांनी खोटा दावा करणाऱ्यांना कधी दयामाया दाखवली नव्हती, तेव्हा आपल्याला कोण दाखवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

घरी त्यांनी बायकोला अर्धीच गोष्ट सांगितली. लहानपणापासून गिटारीची हौस वगैरे. बायको म्हणाली, "अहो, मग करून घ्या की. नाहीतरी दारं-खिडक्या रंगवायला काढल्याच आहेत, त्यात तुमचीही हौस. येते का पण वाजवायला?"

"येईल."

मोटार गॅरेजच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक कारागीर हाताने गिटारी बनवायचा. भाऊंनी एका मासिकातून कापलेलं तसंच चित्र दाखवलं. त्याने विचारलं, "नवी करू का जुनी?"

"म्हणजे?"

"म्हणजे नवीच, पण जुनी. वर्षानुवर्षं स्टेजवर वाजवल्यासारखी. रंग उडालेला, पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. त्याचे पैसे वेगळे पडतात."

जन्मभर एकेका ओरखड्यामागे लोकांचे पैसे कापणाऱ्या भाऊंनी ओरखड्यांचे जादा पैसे मोजले आणि वर समोर उभं राहून काम करून घेतलं. कारण आता त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला होता. "हे सगळे एकाच दिशेने जाताहेत," ते म्हणाले. "खरे ओरखडे असे रांगेत येत नाहीत. आणि कोपराची झीज अशी एका जागी नको. माणूस दमला की हात खाली उतरतो. तशी उतरती घ्या."

कारागीर बघतच राहिला. "साहेब, तुम्ही काय काम करता?"

"खोट्या वस्तू पकडतो."

कारागिराने हातातली कानस खाली ठेवली. "बिल हवंय का तुम्हाला?" त्याने हळूच विचारलं.

"मुळीच नको," भाऊ म्हणाले. मग दोघंही निश्चिंत झाले. कारागिराने शेवटी गिटारीच्या डोक्यावर सिगारेटचा एक चटकासुद्धा दिला. गिटार अशी काही जमली, की घरी आणताना भाऊंना कॉलेजातले ते दिवस खरंच आठवू लागले, जे कधी आलेच नव्हते.

ती दिवाणखान्यात ठेवून भाऊ दोन दिवस हेड ऑफिसला गेले. जाताना बायकोला म्हणाले, "बघून ठेव. एक नंबर काम झालंय."

बायकोने पेटी उघडली आणि कपाळावर हात मारला. रंग उडालेला. पाठीवर ओरखडेच ओरखडे. एके ठिकाणी भाजलेलं. कडेला तर बोटभर काळा मळ. माणसाने जन्मात एक हौस केली आणि त्याच्या गळ्यात हे मारलं! तिला गलबलून आलं. नवऱ्याचा स्वभाव तिला माहीत होता. ऑफिसात वाघ, पण दुकानदाराने दोन्ही चपला डाव्या पायाच्या दिल्या तर 'होईल सवय' म्हणून घालणारा. हा भांडायला जाणार नाही. 'एक नंबर काम' म्हणाला तो बिचारा!

दारं रंगवायला आलेला रंगारी समोरच होता.

"हे नीट होईल का हो?"

रंगाऱ्याने कडेवर ओला फडका फिरवला. "मळ पार आत मुरलाय वहिनी. घासूनच काढावा लागेल. पण काळजी करू नका, ओरखड्यांत पुट्टी भरतो, पॉलिशपेपर मारतो आणि रंगाचे दोन हात देतो. दादांना ओळखू येणार नाही."

शब्दाला जागणारा रंगारी होता. भाऊ परतले ते थेट समारंभाच्या दिवशी दुपारी. बायकोने त्यांना डोळे मिटायला लावले. उघडले तेव्हा समोर बदामी रंगाची, चकचकीत, डाग शोधून सापडणार नाही अशी एक वस्तू होती. मागच्या न्हाणीघराच्या दाराशी तिचा रंग तंतोतंत जुळत होता.

"फसवलं हो तुम्हाला त्या माणसाने," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण आता बघा. कशी झालीय?"

भाऊंना रडू येत होतं. बायकोला वाटलं, आनंदाने. "एक नंबर," भाऊ म्हणाले. दुसरं काही बोलायची त्यांची छाती नव्हती, आणि मनही होईना.

संध्याकाळी हॉलमध्ये सगळे सहकुटुंब जमले होते. भाऊंनी पेटी उघडली. असिस्टंट म्हणाली, "काका, ही ती?" सर्व्हेअरसाहेबांनी चष्मा चढवला. त्यांनी गिटार उलटी केली, सुलटी केली, हुंगली, मग नखाने कोपऱ्यातला थोडा रंग खरवडला. सारं खातं भोवती गोळा झालं. भाऊ मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहीत होते.

"वरचा रंग परवाचा आहे. दारांचा."

"खिडक्यांचासुद्धा," बायको म्हणाली.

"पण खाली बोट फिरवून बघा." सर्व्हेअरसाहेबांचा आवाज चढला. "कोपराची झीज कशी खाली उतरत गेलीय. माणूस दमतो तशी. पाठीवरचे ओरखडे पुट्टीखालीसुद्धा हाताला लागतात आणि एकही रांगेत नाही. हे नाटक करून साधत नाही. शिवाय बनाव करणारा माणूस त्यावर दाराचा रंग देईल का? अस्सल आहे. तीस वर्षांची." मग ते भाऊंच्या बायकोकडे वळले. "वहिनी, रागावू नका. पण नवऱ्याची एवढी जुनी गिटार तुम्ही रंगवून टाकलीत!"

सगळ्या बायका तिच्याकडे बघू लागल्या. तिने भाऊंकडे बघितलं. अशी नजर भाऊंनी टेबलापलीकडच्या माणसांवर पुष्कळदा रोखली होती. ती अंगावर कशी येते ते त्यांना आज कळलं. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. आपल्या थापेपायी ही चारचौघांत बोलणी खातेय. त्यांनी घसा खाकरला. "साहेब, त्याचं असं आहे..."

"पण काका," असिस्टंट मध्येच म्हणाली, "हिला तारा कुठायत? वाजवणार कसे?"

तारा रंगाऱ्याने कडा नीट रंगवता याव्यात म्हणून काढल्या होत्या, आणि त्या परत कशा चढवतात ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. ज्याला माहीत असायला हवं होतं त्यालाही नाही.

"तारा मीच काढायला लावल्या," त्यांची बायको शांतपणे म्हणाली. "तीस वर्षं रोज ऐकलं हो मी. घर रंगवायला काढलं तेव्हा म्हटलं, हेही एकदाचं उरकून घेऊ."

हॉल हसून हसून कोसळला. शिपायाला तर ठसका लागला. सर्व्हेअरसाहेबांनी गिटार भाऊंच्या हातात दिली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि खात्याला उद्देशून म्हणाले, "आता शंकाच नको. साक्षीदार अगदी खरा आहे."