काकडेकाकांचा मॅनेजर

काकडेकाका शर्ट घालतात तो फक्त टीम सोडून गेलेल्या खेळाडूचा. आइस हॉकीच्या मॅचला सगळ्यांच्या पाठीवर यंदाच्या खेळाडूंची नावं असतात. काकांच्या पाठीवर मात्र कुणीतरी विकलेला, हाकललेला, नाहीतर गुडघा मोडून घरी बसलेला. "खेळतोय त्याच्यासाठी ओरडायला हजार माणसं आहेत," ते म्हणतात, "गेलेल्याचं काय?"

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनला ते माझ्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. मूळचे कोल्हापूरचे, जन्म गिअरबॉक्सची डिझाइनं करण्यात गेला, आता निवृत्त. बर्फावरची धक्काबुक्की त्यांना कुस्तीच्या जवळची वाटते; फक्त "ही पोरं कपडे फार घालतात" अशी तक्रार. मला हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. एका रविवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं. "सई, जाड मोजे आहेत ना? मग चल." तेव्हापासून जातेय.

काकांचं वैर एकाच माणसाशी होतं: टीमचे मॅनेजर हेर, म्हणजे श्रीयुत, लोरेन्झ. दर सोमवारी काका त्यांना हाताने पत्र लिहायचे. पत्राची सुरुवात "आल्झो"ने, म्हणजे "तर मग"ने, आणि शेवट तीन उद्गारचिन्हांनी. लोरेन्झ दर वेळी दोन ओळींचं उत्तर पाठवायचे. सर्वांत मोठं भांडण गोलकीपरवरून झालं. गावातच वाढलेला, सगळ्यांचा लाडका गोलकीपर लोरेन्झनी दुसऱ्या क्लबला दिला आणि बदल्यात दोन फॉरवर्ड आणले. एकाचा खांदा निखळला, दुसरा मोसम संपायच्या आत घरी पळाला. काकांनी त्यावर चौदा पानी पत्र लिहिलं, आकृत्यांसकट.

गेल्या महिन्यात लोरेन्झना काढून टाकलं. त्यानंतरच्या रविवारी दुपारी मॅच संपल्यावर आम्ही स्टेडियमच्या खानावळीत बसलो होतो. उशी नावाची निवृत्त बसचालक बाई टेबलावर मूठ आपटत म्हणाली, "नऊ वर्षं! एकही चषक नाही!"

"पण क्लब बुडत होता तेव्हा सांभाळला कुणी?" शाळामास्तर डिटर म्हणाला.

"आणि गोलकीपर?" उशी काकांकडे वळली. "हेर काकडे, तुम्हीच सांगा ह्याला."

सगळे वाट बघत राहिले. तेवढ्यात दार ढकलून लोरेन्झच आत आले. हातात ऑफिसातल्या सामानाचं खोकं. वरच्या ऑफिसातून उतरण्याचा दुसरा जिना बंद होता, म्हणून त्यांना आमच्यामधूनच पार्किंगकडे जावं लागत होतं. उशी ग्लासात बघू लागली. डिटर चष्मा पुसू लागला.

काका उठले आणि त्यांनी खोक्याची दुसरी बाजू धरली.

"हेर काकडे," लोरेन्झ हळू आवाजात म्हणाले, "गोलकीपरच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं."

"नाइन, नाही," काका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी पुन्हा सगळं तपासलं. त्याची कंबर गेली होती. तुम्ही दिलात ते योग्यच केलंत."

दोघं खोकं घेऊन बाहेर गेले.

काका परतल्यावर आम्ही एसबानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर आलो. मला राहवेना. "काका, तो गोलकीपर तर अजून खेळतोय. कंबर ठणठणीत आहे त्याची."

"गेनाऊ. अगदी बरोबर."

"मग?"

ते रुळांकडे बघत राहिले. "तुझी काकू, नलिनी, हॉस्पिटलमध्ये होती, तेव्हा तीन सोमवार माझं पत्र गेलं नाही. चौथ्या सोमवारी ह्याचं आलं. 'हेर काकडे, आम्ही दोन मॅच हरलो आणि तुमची शिवी नाही. घरी सगळं ठीक आहे ना?' नलिनी आदल्याच दिवशी गेली होती. लेक फोन करायची गं, बॉनहून यायचीही. पण ह्या गावात मी गप्प झालोय, हे कळलं ते त्या एका माणसाला."

गाडी आली. मी चढले. काका दारापाशीच उभे.

"तू हो पुढे," ते म्हणाले. "त्याची अजून दोन खोकी वरतीच आहेत."

दार बंद झालं. काका फलाटाच्या पायऱ्या उतरत होते, दुखऱ्या गुडघ्याने, पण भराभर.