पन्नास मीटर लांबचा जावई

मुलांनो, नीट बसा. खाऊ गोष्ट संपल्यावर.

एका जंगलात एक नदी होती, आणि नदीच्या अलीकडच्या काठावर पाणमांजरांचं एक बीळ होतं. पाणमांजर म्हणजे काय, ते नावातच आलं. अर्धं पाणी, अर्धं मांजर. त्यातलं पाणी काढून घेतलं तर काय उरतं, तेवढीच आजची गोष्ट आहे.

त्या बिळात बुडबुडराव नावाचं तरुण पाणमांजर राहायचं. त्याची आई राहायची. आणि चैत्रापासून त्याची नवी बायको मंदाकिनी राहायची. मंदाकिनीचं माहेर नदीच्या पलीकडच्या काठावर होतं. माहेरच्या बिळावरचं जांभळाचं झाड तिला इथून दिसायचं. ती बघायची आणि काही बोलायची नाही. ती मुळातच कमी बोलायची. सासरी याला चांगलं वळण म्हणत.

पाणमांजरांत एक रीत होती. लग्नानंतरची पहिली मंगळागौर माहेरी करायची, आणि नवऱ्याने बायकोच्या बरोबरीने पोहत तिला पोचवायचं. सून एकटीच पोहत आली तर लोक समजायचे, भांडून आली. श्रावणातल्या त्या मंगळवारासाठी मंदाकिनी दिवस मोजत होती.

त्या वर्षी श्रावणाआधी धोंड्याचा महिना आला. धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. मंदाकिनीचे बाबा स्वतः पोहत आले आणि विष्णूला तेहतीस अनारसे देऊन गेले. वर एक स्मार्टवॉच.

घड्याळ पावलं मोजायचं, छातीचे ठोके मोजायचं, झोपसुद्धा मोजायचं. बुडबुडराव हरखला. आकडा वाढतो का बघायला तो बिळातल्या बिळात फिरू लागला.

घड्याळाच्या डब्यात एक कागद होता. कागद आला की तो शेजारच्या बगळेमामांकडे न्यायचा, असा त्या घरचा शिरस्ता होता. मामा दिवसभर एका पायावर उभे असत, म्हणून ते विद्वान आहेत असा सगळ्यांचा समज होता. मामांचाही होता.

मामांनी कागदावरचं मोठ्याने वाचलं, "जलरोधक. पन्नास मीटर."

मग डोळे मिटून अर्थ सांगितला. जल म्हणजे पाणी. रोधक म्हणजे विरोधक. घड्याळ पाण्याच्या विरोधात आहे. सबब त्याला पाण्यापासून पन्नास मीटर लांब ठेवावे.

मीटर म्हणजे केवढं, असं सासूबाईंनी विचारलं.

"माझी एक टांग," मामा म्हणाले.

मग मामांनी स्वतः पन्नास टांगा मोजल्या. त्या टेकडावरच्या एका कातळाशी संपल्या. बुडबुडराव त्या कातळावर राहायला गेला.

आता तुम्ही विचाराल, पाण्यात जाताना घड्याळ काढून ठेवता येत नव्हतं का? मंदाकिनीनेही हळूच तेच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, व्याह्यांनी दिलेला मान काढून ठेवायचा, बरं दिसतं का ते? बुडबुडरावाची अडचण निराळी होती. घड्याळ काढलं तर तेवढ्या वेळातले ठोके कुठे जाणार?

खरं तर मंदाकिनीने तो कागद पहिल्याच दिवशी वाचला होता. तिला वाचता येत होतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आणि मामांनी एक अर्थ सांगितल्यावर नव्या सुनेने दुसरा सांगायचा नसतो.

मग ती नदीत उतरून मासे पकडायची आणि टेकड चढून नवऱ्याला नेऊन द्यायची. बुडबुडराव वाळलेल्या पानांनी अंग पुसायचा. आठवड्याभरात त्याच्याजवळ बसताना वाऱ्याची दिशा बघावी लागू लागली. घड्याळ मात्र दर तासाला थरथरायचं आणि सांगायचं, पाणी प्या. बुडबुडराव गोंधळला. पाण्याचा विरोधक असून हे असं कसं? मामा म्हणाले, विरोधक बोलतात एक, करतात एक. त्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

श्रावण लागला. मंगळागौर दोन दिवसांवर आली. मंदाकिनी मासा घेऊन कातळावर गेली आणि म्हणाली, "अहो, परवा मंगळवार आहे."

बुडबुडरावाने मनगटाकडे पाहिलं. घड्याळाने तसंच सांगितलं.

"तू जा सांभाळून," तो म्हणाला. "मी इथून बघतो ना. उंचावरून छान दिसतं."

सासूबाईंनी सुनेची समजूत घातली. मंगळागौर काय, पाच वर्षं असते. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. मंदाकिनीने मान हलवली आणि जांभळाच्या झाडाकडे पाठ करून बसली.

सोमवारी सकाळी बुडबुडरावाने दहा हजार पावलांचा निश्चय केला. कातळ लहान होता, म्हणून तो गोल गोल फिरला. ऊन होतं. त्याला घाम सुटला. घाम घड्याळाखाली गेला, काच धुरकटली आणि बटण दाबलं जाईना.

घाम म्हणजे पाणीच की. एवढा दंगा त्या बिळाने लग्नातही पाहिला नव्हता. सासूबाईंनी धावत जाऊन तांदूळ आणले. साधे नव्हेत. गृहप्रवेशाला मंदाकिनीने पायाने लवंडलेल्या मापातले, शुभ म्हणून जपून ठेवलेले. घड्याळ हातासकट त्यात पुरलं. तासाभराने काढलं तेव्हा बटणाच्या फटीत तांदळाची कणी अडकली होती, आणि तांदळाला बुडबुडरावाचा वास लागला होता.

मामांना बोलावणं गेलं. मामांनी कागद पुन्हा पुढूनच वाचला.

तेव्हा मंदाकिनी बोलली. पदर सावरून, अगदी हळू.

"मामांनी पुढची बाजू वाचली. मागची राहिली असेल."

सगळ्यांनी कागद उलटा केला. मागे खरंच काही लिहिलं होतं. मामा म्हणाले, आज डोळ्यांत धूळ गेली आहे, सूनबाईच वाचेल.

मंदाकिनीने वाचलं, "घाम लागल्यास घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे. मऊ कापडाने पुसावे."

सासूबाई तांब्या आणायला उठल्या. मंदाकिनीने कागद जरा डोळ्यांजवळ धरला.

"पाणी वाहते असावे," तिने पुढे वाचलं. "घड्याळ हातात घालूनच धुवावे. अलीकडच्या काठाला शेवाळ असल्यास पलीकडच्या काठाला धुवावे. मंगळवार उत्तम."

कागदाच्या मागे दोनच ओळी होत्या. मामांना तेवढं मोजता येत होतं. पण ओळी मोजल्या असत्या तर त्या वाचूनही दाखवाव्या लागल्या असत्या.

"मी हेच सांगणार होतो," मामा म्हणाले.

मंगळवारी सकाळी बुडबुडराव घाबरत घाबरत पाण्यात उतरला. पहिली डुबकी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या डुबकीला तो घड्याळ विसरला, आणि चौथीला तोंडात मासा घेऊन वर आला. मग तो मंदाकिनीच्या बरोबरीने पोहत राहिला. मधल्या धारेत त्याने तिच्या अंगावर पाणीसुद्धा उडवलं. चैत्रानंतर पहिल्यांदाच.

पलीकडच्या काठावर बाबा उभेच होते. मंदाकिनीने नवऱ्याचं मनगट हातात घेतलं, पदराने काच पुसली, नखाने तांदळाची कणी काढली. घड्याळ थरथरलं. काचेवर अक्षरं उमटली. अभिनंदन, आज तुम्ही नवा व्यायाम शिकलात: पोहणे.

बुडबुडरावाने ते सासरच्या झाडून सगळ्या पाणमांजरांना दाखवलं. बाबांनी जावयाकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेक फुगडीसाठी पदर खोचत होती.

इकडे सासूबाई अजून सांगतात की माझ्या मुलाला पोहायला घड्याळाने शिकवलं. मामांनी वाचनाचा वर्ग काढला आहे. तिथे फक्त पुढची बाजू शिकवतात.

तात्पर्य: मोठ्यांसमोर खोटं कधीही बोलू नये. फार तर कागदाची तिसरी बाजू वाचून दाखवावी.