घरचं खोबरेल

दिवाळीच्या पाडव्याला चार दिवस उरले होते. अमरसिंहानं आपली काळी मोटार अंगणात आणून उभी केली आणि तिच्यापुढं तीन डबे मांडले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला चंद्री म्हैस रवंथ करत होती. मोटारीला अकरा वर्षं झाली होती, चंद्रीला नऊ; आणि दोघींत दूध कोण देतं, हे त्याची आई, आक्काताई, येणाऱ्याजाणाऱ्याला मुद्दाम विचारत असत.

पाडव्याला गारगोटीहून यल्लाप्पा आण्णा येणार होते. त्यांच्या लेकीसाठी, क्रांतीसाठी, अमरसिंहाचं घर बघायला. त्या दिवशी कोल्हापुरात म्हशी सजवून पळवतात, तेव्हा नाही जमलं तर ‘म्हशी बघायला आलतो’ म्हणून परत जाता येतं, कुणाची मान खाली जात नाही. या आण्णांनी आधीची दोन घरं अंगणातूनच नापास केली होती, चहासुद्धा न घेता. त्यामुळं अंगण झळकलं पाहिजे यावर मायलेकांचं एकमत होतं. अंगणातलं काय झळकलं पाहिजे, यावर नव्हतं.

“हे काय आणलंस?” आक्काताईंनी विचारलं.

“पॉलिश, सीलंट आणि मेण.”

“तिन्ही एकच दिसत्यात.”

“आये, एक कसं? पॉलिशनं ओरखडं जात्यात. सीलंट लावलं की पाणी, धूळ चिकटत न्हाय, सहा म्हैनं टिकतंय. मेणानं तेज येतंय, पर लवकर उतरतंय. काळ्या रंगाला मेणच खुलतंय म्हणाला दुकानदार.”

“मग इचार कसला करालाईस?”

“टिकत न्हाय की गं त्ये!”

“पावणं सहा म्हैनं बसणार हाईत व्हय?”

अमरसिंह तरीही अडून बसला. त्यानं सगळ्या गाडीला पॉलिश मारलं, बोनेटला सीलंट लावलं, एका दाराला मेण लावलं आणि आईला परीक्षेला बोलावलं. आक्काताईंच्या म्हशींनी पाडव्याला आजवर बक्षिसाची तीन पागोटी जिंकली होती. काळ्या रंगातलं त्यांना कळत होतं. त्यांनी बोनेटवर तळहात फिरवला. “काचंगत हाय. नुसतंच चमकतंय.” मग दाराकडं तिरकं बघितलं आणि त्या जवळ सरकल्या. पंचगंगेतून डुंबून वर येताना चंद्रीची पाठ दिसते, अगदी तसं ते दार दिसत होतं. खोल काळं.

“दार बरं हाय,” त्या म्हणाल्या. आईच्या तोंडून ‘बरं’ हा शब्द अमरसिंहानं दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदाच ऐकला. त्यानं सगळ्या गाडीला मेण फासलं आणि दंड भरून येईपर्यंत फडक्यानं घासलं.

पाडव्याच्या सकाळी चंद्री न्हाऊन, भादरून, कवड्यांची माळ घालून आणि कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधून तयार झाली. शिंगांना खोबरेल चोपडलं होतं. पण शेजारी मोटार उभी, आणि तिच्यापुढं शिंगं जुन्या चपलेसारखी दिसत होती. आपल्या अंगणात म्हशीपेक्षा मोटार उजळ? आक्काताईंना ते सोसवेना. अमरसिंह आंघोळीला शिरताच त्यांनी मेणाचा डबा उचलला. खोबरेल पुसलं, दोन बोटं मेण या शिंगाला, दोन त्या, आणि वर फडक्यानं घासणं. शिंगं निघाली ती लखलखीत.

“अगंबाई!” कुंपणावरून शेजारची शालूबाई ओरडली. “आक्का, काय लावलासा वो शिंगास्नी?”

“घरचं खोबरेल.”

नेहमी गाडीच्या डब्यांना नावं ठेवलेली. दुसरं काय सांगणार?

जवळून दाखवावी म्हणून त्यांनी चंद्रीचं दावं सोडलं. चंद्री मोटारीपाशी आली आणि थबकली. गाडीच्या दारात एक म्हैस उभी होती. गळ्यात कवड्या, कपाळाला मोरपीस, शिंगं लखलखीत, आणि उभी कुठं, तर हिच्याच अंगणात! चंद्रीनं मान हलवली. त्या दुसरीनंही हलवली. उलट उत्तर त्या घरात कुणीच खपवून घेत नव्हतं.

धाड!

दाराला परातीएवढा खड्डा पडला. अमरसिंह टॉवेलवर धावत आला. “आये! काय केलंस हे?”

“मी काय केलं? म्हस फसंल इतकं घासायचं असतंय व्हय?”

तेवढ्यात फाटक वाजलं. यल्लाप्पा आण्णा आत आले. अमरसिंहानं खड्ड्याला पाठ लावली, आणि तो तिथंच टॉवेलवर, डोक्यात साबण घेऊन उभा राहिला. तिथूनच त्यानं रामराम घातला. पाया पडायलाही पुढं आला नाही.

“पायात काय दुखणं हाय का पोराच्या?” आण्णांनी हळूच विचारलं.

“न्हाय वो. गाडीवर जीव हाय त्येचा.”

आण्णांनी मोटारीकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ चंद्रीकडं गेले. शिंगावरून बुडापासून टोकापर्यंत हात फिरवला. “आक्का, शिंगाला काय लावलासा?”

“घरचं खोबरेल,” आक्काताई म्हणाल्या. कुंपणावर शालूबाई अजून उभी होती. आता बदलता येत नव्हतं.

आण्णांनी बोटं हुंगली. “लिंबावाणी वास येतोय.”

“परड्यात लिंबाचं झाड हाय आमच्या.”

“असं?” आण्णा अमरसिंहाकडं वळले. “पावणं, जरा सरका बघू.”

अमरसिंह सरकला. आण्णांनी खड्डा पाहिला. खड्ड्यात चिकटलेलं मोरपीस पाहिलं. मग वाकून त्यांनी दार हुंगलं.

“गाडीला बी घरचंच खोबरेल व्हय?”

आक्काताईंनी पायाजवळचा मेणाचा डबा हळूच पदराआड ओढला. शालूबाईनं ते डोळे भरून पाहून घेतलं.

आण्णा खड्ड्याकडं बघत राहिले. मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता ते ओट्यावर टेकले, उपरण्यानं डोळे पुसले. “पोरगं घासतंय, आई घासत्या, म्हस राखण करत्या. आक्का, च्या टाका.”

आक्काताई लगबगीनं आत गेल्या. चुलीवर आधण ठेवून त्यांनी खिडकीतून लेकाला हाक मारली.

“अमर, आधी कापडं घाल. आन् त्ये सहा म्हैन्याचं कुठं ठेवलाईस? चंद्रीच्या शिंगावर एक हात फिरव. पावणं आता येत-जात ऱ्हाणार.”